तीन मालमत्ता, एक कर्ज: फाईल लावण्यापासून एकेक मालमत्ता सोडवण्यापर्यंत

फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईक ठरले, टोकन घेतले, आणि बँकेत गेल्यावर कळले की हा एकटा फ्लॅट सुटतच नाही. दोन फ्लॅट आणि एक गाळा मिळून एकाच कर्जाला तारण दिलेले. बँक म्हणते, सगळे कर्ज फेडा, नाहीतर विक्रीची सगळी रक्कम कर्जात भरा. हीच तक्रार घेऊन माणसे माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे कागद चोख असतात, व्याजदरही बरा मिळालेला असतो. फक्त सोडवण्याची बोलणी त्यांनी सही झाल्यावर सुरू केलेली असतात, आणि तोपर्यंत बँकेला काही द्यायची गरज उरलेली नसते.

अमेरिकेतले लेख वाचून काही जण शाखेत ‘ब्लँकेट मॉर्गेज’, म्हणजे अनेक मालमत्तांवर मिळून एकच कर्ज, मागतात. त्या नावाचे कर्ज आपल्याकडे काउंटरवर मिळत नाही. तेच काम आपल्याकडे मालमत्ता तारण कर्ज, म्हणजे लॅप, करते. तारणाच्या यादीत एकाऐवजी तीन मालमत्ता लिहिल्या जातात, एवढाच फरक. गाळे एखाद्या बँकेला किंवा मोठ्या कंपनीला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतील तर भाड्याच्या भरवशावरचे एलआरडी कर्ज होते. पण हा लेख सर्वसाधारण लॅपबद्दल आहे, आणि महाराष्ट्रातल्या कागदपत्रांबद्दल.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. कोथरूडचा फ्लॅट ८५ लाखांचा, कर्जमुक्त, दोघा भावांच्या नावावर. हडपसरचा फ्लॅट ६० लाखांचा आणि चिंचवडचा गाळा ५५ लाखांचा, दोन्ही थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर. या दोहोंवर दोन वेगळ्या बँकांची मिळून ४५ लाखांची जुनी कर्जे. तिन्ही भाड्याने दिलेल्या. थोरल्याला जुनी कर्जे एकत्र करायची आहेत आणि वर ५५ लाख काढून तळेगावला आणखी एक फ्लॅट घ्यायचा आहे. एकूण कर्ज १ कोटी.

टप्पा १: पैसा कुठे जाणार ते आधी कागदावर लिहा

‘बघू, लागेल तसा वापरू’ हे उत्तर पुढे दोन ठिकाणी महाग पडते.

पहिले ठिकाण आयकर. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून व्याज वजा होते ते पैसा घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी वापरला म्हणून; तारण कोणते घर होते याने काही ठरत नाही. कोथरूडचा फ्लॅट गहाण ठेवून तळेगावचा घेतला, तर व्याज तळेगावच्या खात्यावर मांडायचे. घरासाठी काढलेले जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढले तर त्याचे व्याजही चालते. त्याच कर्जातले १० लाख मुलीच्या लग्नाला गेले, तर तेवढ्या भागाचे व्याज घराच्या नावावर दाखवता येत नाही.

दुसरे ठिकाण बँकेचे वर्गीकरण. एकाच व्यक्तीच्या तिसऱ्या घरापासून पुढच्या घरांचे कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमांत व्यावसायिक स्थावर मालमत्तेच्या कर्जात मोडते, आणि त्याचा परिणाम दरावर दिसतो. ‘हे दुसरेच घर आहे’ असे खोटे लिहू नका. कर्ज कुठे कुठे आहे ते क्रेडिट अहवालात दिसतेच.

यावर एक साधा उपाय आहे. बँकेला सांगा, मंजुरी एक असू द्या पण कर्जखाती दोन करा: ४५ लाखांचे एक, ५५ लाखांचे दुसरे. दोन्हींना तारण तेच. व्याजाची दोन प्रमाणपत्रे मिळतात आणि सीएला दरवर्षी जुन्या पासबुकांतून आकडे उकरावे लागत नाहीत.

टप्पा २: कोणती मालमत्ता आत, कोणती बाहेर

राहते घर बाहेर. याला अपवाद सांगायची माझी तयारी नाही. दर पाव टक्का कमी मिळतो म्हणून राहते घर यादीत घालणारे भेटतात. एका गाळ्याचा भाडेकरू पळाला आणि हप्ते थकले तर नोटिशीत त्या घराचाही पत्ता छापून येतो.

वर्षा-दोन वर्षांत विकायचा विचार असलेली मालमत्ताही बाहेर ठेवा.

कागदाने अडकलेली मालमत्ता तर आत घ्यायचा प्रयत्नही करू नका. तिच्यापायी बाकी दोन चांगल्या मालमत्तांची फाईल थांबते. गुंठेवारीचा प्लॉट, फक्त घर नंबरच्या उताऱ्यावर असलेले गावठाणातले घर, भोगवटा प्रमाणपत्र न मिळालेली इमारत, भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागणारी) जमीन, वारसनोंद न झालेला वडिलांच्या नावावरचा फ्लॅट, हे सगळे या यादीत येतात. सिडको, म्हाडा किंवा एमआयडीसीची भाडेपट्ट्याची मालमत्ता चालते, पण त्या संस्थेची गहाणाला परवानगी लागते आणि तिला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

आता धाकटा भाऊ. कोथरूडच्या फ्लॅटवर त्याचे नाव आहे, म्हणजे त्याची सही लागणार, आणि बहुतेक ठिकाणी त्याला सहकर्जदार व्हावे लागणार. तसे झाले की हे १ कोटीचे कर्ज त्याच्याही क्रेडिट अहवालावर चढते. पुढच्या वर्षी तो स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेला की त्याची पात्रता घटलेली असते. हे त्याला जेवणाच्या ताटावर सांगून भागत नाही. आकडा दाखवून सांगा.

थांबा: मालक वेगवेगळे असतील तर आपसात एक लेखी करार करा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ८२ म्हणते की वेगवेगळ्या मालकांच्या मालमत्ता एकाच कर्जाला गहाण असतील, तर उलट करार नसल्यास भार मूल्याच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे ज्या भावाने एक रुपयाही घेतला नाही, त्याच्या हिश्शावरही भार येतो. ‘सगळे हप्ते थोरला भरेल, धाकट्याला काही सोसावे लागल्यास थोरला भरून देईल’ एवढे तरी कागदावर हवे.

टप्पा ३: प्रत्येक मालमत्तेची वेगळी फाईल

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि सर्वांत जास्त घाई इथेच होते. तीन मालमत्तांचे कागद एका गठ्ठ्यात देऊ नका. तीन रंगांच्या तीन फायली करा; प्रत्येकीत वरच्या पानावर यादी, यादीत प्रत्येक दस्ताचा क्रमांक, तारीख, पानांची संख्या, आणि मूळ प्रत की झेरॉक्स.

फ्लॅटच्या फाईलमध्ये लागते ते असे:

१. साखळीतले सगळे करार: बिल्डर ते पहिला मालक, पहिला ते दुसरा, दुसरा ते तुम्ही. प्रत्येकासोबत नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा.
२. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, त्यावर तुमच्या नावाची नोंद झालेली.
३. सोसायटीचे गहाणाला ना हरकत पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला.
४. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र.
५. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, आणि बिगरशेती आदेश.
६. मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती.
७. नोंदणी झालेला भाडेकरार.

गाळ्याच्या फाईलमध्ये याच्या जोडीला वापर व्यावसायिक असल्याचे मंजूर नकाशात दिसले पाहिजे. तळमजल्यावरच्या पार्किंगच्या जागेत शटर लावून केलेले गाळे पुण्यात काय आणि नाशिकात काय, भरपूर आहेत. मूल्यांकनाला आलेला माणूस नकाशा उघडतो आणि पाच मिनिटांत परत जातो.

भाडेकराराबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे, तरी पुष्कळ भाडी अजून नोटरीच्या कागदावर आणि रोखीत चालतात. रोखीतले भाडे बँक उत्पन्नात धरत नाही. म्हणून अर्ज करायच्या आधी निदान सहा महिने तिन्ही भाडी एकाच बँक खात्यात यायला हवीत. आज रोखीत घेत असाल तर अर्ज सहा महिने पुढे ढकला.

दुसरी नेहमीची चूक नावांची. करारावर ‘रमेश’, आधारवर ‘रमेशचंद्र’, शेअर सर्टिफिकेटवर आद्याक्षरे. तीन मालमत्ता म्हणजे नावाची तीन रूपे. एकच प्रतिज्ञापत्र करून ती सगळी रूपे त्यात लिहा. नाहीतर बँकेच्या वकिलाच्या प्रत्येक शेऱ्यासाठी वेगळी खेप पडते.

तपासा: नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून तिन्ही मालमत्तांवरचे दस्त स्वतः पाहा. जुने, फिटलेले एखादे कर्ज तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईत, अजून उघडे दिसते का तेही बघा. दहा वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाची नोंद बंद करायला बँक विसरलेली असते, आणि ती नेमकी वकिलाच्या सर्च रिपोर्टात वर येते.

टप्पा ४: बँकेच्या आधी आपण हिशेब करा

लॅपमध्ये घरावर बाजारभावाच्या साधारण ६० टक्के आणि गाळ्यावर ५० टक्के मिळतील असे धरा. काही ठिकाणी थोडे जास्त मिळते. धरताना कमीच धरावे. कोथरूडवर ५१ लाख, हडपसरवर ३६ लाख, चिंचवडवर साडेसत्तावीस लाख. एकूण १ कोटी साडेचौदा लाख. मागायचे १ कोटी, म्हणजे साडेचौदा लाखांची जागा मोकळी राहते. ती पुढे टप्पा १० मध्ये कामाला येणार आहे, टॉप-अप, म्हणजे त्याच तारणावर वाढीव कर्ज, घेऊन संपवू नका. तळेगावचा नवा फ्लॅट तारणात द्यायचा नाही, हेही पहिल्याच भेटीत सांगा.

१० टक्के दराने १५ वर्षांसाठी १ कोटीचा हप्ता १,०७,४६१ रुपये. तीन भाडी २४ हजार, १८ हजार आणि ३० हजार, म्हणजे ७२ हजार. इथे बरेच जण म्हणतात, वरचे ३५ हजार पगारातून घालू.

हे गणित अपुरे आहे. वर्षाला बारा महिने भाडे येत नाही. दहा महिने धरा: ७ लाख २० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि रंगकाम मिळून ८० हजार वजा करा. उरतात ६ लाख ४० हजार, महिन्याला साधारण ५३ हजार. म्हणजे खिशातून ५४ हजार. दर ११ टक्क्यांवर गेला तर हप्ता १,१३,६६० होतो आणि खिशातला आकडा ६० हजारांवर पोहोचतो. तळेगावच्या फ्लॅटचे भाडे पहिल्या वर्षी शून्य धरा.

सहा हप्त्यांची रक्कम, म्हणजे इथे साडेसहा लाख, मुदत ठेवीत वेगळी नसेल तर कर्जाची रक्कम कमी करा. एक कर्ज म्हणजे एकच हप्ता, हे सोयीचे खरे. पण तो चुकला की तिन्ही मालमत्ता एकदम चुकतात. ९० दिवस थकले की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण विकण्याची मुभा बँकेला देणाऱ्या) ६० दिवसांची नोटीस, आणि त्यात यादीतली कोणती मालमत्ता आधी विकायची हे तुम्हाला विचारून ठरत नाही.

टप्पा ५: कोणाकडे जायचे

बँकेचा बदलता दर रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेला असतो, म्हणून रेपो हलला की तो हलतो. एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) आणि गृहवित्त कंपन्या स्वतःचा संदर्भ दर ठेवतात; कागदपत्रांत त्या जरा सैल असतात आणि दरात कडक. नागरी सहकारी बँकेत माणूस ओळखीचा असतो, अटी बोलून बदलता येतात, पण सभासद होऊन शेअर घ्यावे लागतात. सोडवण्याच्या अटीवर बोलायला माझ्या अनुभवात सहकारी बँक आणि मोठ्या बँकेची एसएमई (लहान-मध्यम उद्योगांची) शाखा बऱ्या. किरकोळ कर्जाच्या काउंटरवर ‘फॉरमॅट बदलत नाही’ हेच ऐकू येते.

एजंटाला एकाच वेळी पाच ठिकाणी फाईल टाकू देऊ नका. प्रत्येक चौकशी क्रेडिट अहवालात उमटते. दोन ठिकाणे निवडा, पहिल्याचे उत्तर आल्यावर दुसरीकडे जा.

टप्पा ६: मंजुरीपत्र वाचायला दोन दिवस घ्या

मंजुरीपत्र आले की पेढे वाटू नका. आजवर तुमच्या हातात जी काही ताकद होती ती इथपर्यंतच आहे. प्रोसेसिंग फी भरून सही केली की ती संपली.

गहाण अखंड असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० प्रमाणे, कर्जाचा प्रमाणशीर हिस्सा भरून आपल्यापुरता तुकडा सोडवून घेण्याचा हक्क एरवी मिळत नाही. म्हणून एकेक मालमत्ता सोडवायची सोय करारातच लिहावी लागते. विशेष अटींत साधारण या अर्थाचे कलम मागा:

‘कर्जखाते नियमित असताना कर्जदाराला तारणातील कोणतीही एक मालमत्ता सोडवायची असल्यास, सोबतच्या परिशिष्टात त्या मालमत्तेसमोर लिहिलेली रक्कम मुद्दलात भरल्यावर, आणि उरलेल्या मालमत्तांच्या त्या वेळच्या मूल्यांकनावर कर्जाचे प्रमाण मंजुरीच्या वेळच्या प्रमाणापेक्षा जास्त होत नसल्यास, बँक त्या मालमत्तेवरील गहाण सोडील व मूळ दस्त ३० दिवसांत परत करील.’

यातले तीन शब्द भांडून घ्यायचे आहेत. ‘परिशिष्ट’, म्हणजे प्रत्येक मालमत्तेचा आकडा किंवा सूत्र आजच ठरले पाहिजे. ‘त्या वेळचे मूल्यांकन’, नाहीतर दहा वर्षांनी भाव दुप्पट झाले तरी बँक जुना आकडा धरते. आणि ‘३० दिवस’. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि उशीर बँकेमुळे झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. पण तो पूर्ण फेडीसाठी आहे. एकच मालमत्ता सोडवताना तो तुमच्या मदतीला येत नाही, म्हणून मुदत करारात हवी.

बँक कलम द्यायला तयार नसेल तर काय? तर एकच कर्ज घेऊ नका. त्याच बँकेत दोन कर्जे मागा, तारण वेगवेगळे: कोथरूडवर एक, हडपसर आणि चिंचवडवर दुसरे. हप्ते दोन होतील, दर कदाचित थोडा चढेल, पण गाठ अर्धी सुटलेली राहील. अशा वेळी करारात ‘एका कर्जाचे तारण दुसऱ्या कर्जालाही लागू’ असे वाक्य आहे का ते शोधा. ते बहुधा बारीक अक्षरांत मागच्या पानांवर असते, आणि ते राहिले तर दोन कर्जे करूनही तीन मालमत्ता एकाच दावणीला बांधलेल्या राहतात.

बाकी चार गोष्टी भरभर पाहा. मुख्य तथ्य पत्रकात सगळे शुल्क धरून वार्षिक दर किती लिहिला आहे. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिसळला आहे का. एका खात्यात चूक झाली तर सगळी खाती थकीत धरण्याची अट आहे का. आणि मुदतीआधी फेडीचे शुल्क: १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जावर, व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी घेतले असल्यास, ते आकारता येत नाही. कर्ज व्यवसायासाठी असेल तर संस्था कोणत्या प्रकारची आणि रक्कम किती यावर ते ठरते. म्हणून अर्जात ‘उद्देश’ या रकान्यात एजंटाने काय लिहिले ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

टप्पा ७: जुनी कर्जे मिटवण्याचा क्रम

हडपसर आणि चिंचवडचे मूळ दस्त जुन्या बँकांकडे आहेत. इथे क्रम असा:

१. दोन्ही जुन्या बँकांकडून फेडीचे पत्र आणि त्यांच्या ताब्यातील कागदांची यादी घ्या. यादी तुमच्या फाईलशी पान न् पान जुळवा. एखादा मूळ करार गहाळ असेल तर तो आज कळू दे.
२. नवी बँक जुन्या बँकांच्या नावाने डीडी काढते किंवा थेट भरणा करते. ही रक्कम स्वतःच्या खात्यात मागू नका.
३. जुन्या बँकेकडून कागद नव्या बँकेच्या प्रतिनिधीसमोर घ्या.
४. थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि सरसाईतली जुनी नोंद बंद झाल्याचे पाहा.
५. सोसायटीच्या नोंदवहीतून जुन्या बँकेचे लीन, म्हणजे बोजाची नोंद, काढा.
६. त्यानंतरच उरलेले ५५ लाख.

तळेगावच्या बिल्डरला तारीख देताना या सगळ्याला दोन महिने धरा. फेडीचे पत्र ठरावीक तारखेपुरतेच चालते; त्या तारखेनंतर रोजचे व्याज वाढते आणि डीडी चारशे रुपयांनी कमी पडतो. हसू येते, पण त्या चारशे रुपयांसाठी फाईल आठवडाभर अडलेली पाहिली आहे.

टप्पा ८: गहाणाच्या नोंदी

आपल्याकडे बहुतेक कर्जे मूळ दस्त बँकेत जमा करून होणाऱ्या गहाणावर दिली जातात. राज्याने अधिसूचित केलेल्या शहरात दस्त जमा केले की मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी चालते. म्हणून पुण्याच्या शाखेत सोलापूरचा गाळा गहाण ठेवता येतो. यावर मुद्रांक शुल्क कर्जाच्या रकमेवर लागते.

महाराष्ट्रात गहाण झाल्यापासून ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे सूचनापत्र, म्हणजे एनओआय, दाखल करावे लागते. तीन मालमत्ता तीन कार्यालयांच्या हद्दीत असतील तर प्रत्येक हद्दीची नोंद झाली का ते पाहा. एकच पावती हातात देऊन ‘झाले’ म्हणणारे बरेच असतात. सूचनापत्रात फ्लॅट क्रमांक, सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ बरोबर आहे का तेही बघा. चुकीच्या फ्लॅटवर चढलेला बोजा उतरवणे हा वेगळा वनवास आहे.

तपासा: बँकेकडून जमा केलेल्या मूळ कागदांची सहीशिक्क्याची यादी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तिन्ही मालमत्तांची यादी वेगवेगळ्या पानांवर मागा. एका मालमत्तेचे कागद परत घ्यायचे झाले की याच पानाचा आधार असतो.

टप्पा ९: हप्ते सुरू झाल्यावर

तिन्ही भाडी एका खात्यात, हप्ता त्याच खात्यातून. भाडेकराराच्या संपण्याच्या तारखा एकाच महिन्यात येऊ देऊ नका. तीन घरे एकदम रिकामी पडली की वरचा हिशेब कोसळतो.

कराच्या वेळी लक्षात ठेवा: घराच्या उत्पन्नातला तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो, आणि नव्या करप्रणालीत तेवढाही नाही.

टप्पा १०: एक मालमत्ता सोडवून विकणे

पाच वर्षे झाली. ६० हप्त्यांत सुमारे साडेचौसष्ट लाख भरले, तरी मुद्दल ८१ लाखांच्या आसपास उरले आहे. हडपसरचा फ्लॅट ६० लाखांना विकायचा आहे. बँकेला किती द्यायचे?

मूल्याच्या प्रमाणात पाहिले तर हडपसरचा वाटा ३० टक्के, म्हणजे २४ लाख ३० हजार. परिशिष्टात ‘वाट्याच्या १२० टक्के’ असे ठरले असेल तर २९ लाख १६ हजार. नुसते प्रमाण पाहिले तर कोथरूड आणि चिंचवड मिळून साडेअठ्ठ्याहत्तर लाखांचे कर्ज पेलतात, म्हणजे अडीच लाख भरले तरी तारण पुरेसे आहे. आणि करारात काहीच लिहिले नसेल तर बँक सरळ ६० लाख मागू शकते. विक्रीतून हातात तिसाहून जास्त लाख राहणार की शून्य, हे टप्पा ६ मध्ये ठरलेले असते.

विकताना क्रम असा ठेवा:

१. गिऱ्हाईक शोधायच्या आधी बँकेला लेखी अर्ज द्या आणि सोडवणुकीची रक्कम लेखी घ्या. तोंडी आकड्यावर टोकन घेऊ नका.
२. नवे मूल्यांकन लागणार असेल तर ते उरलेल्या दोन मालमत्तांचे. त्याला वेळ आणि फी दोन्ही लागते.
३. खरेदीदाराला फ्लॅट गहाण असल्याचे सांगा आणि करारात लिहा. त्याच्या बँकेला तुमच्या बँकेचे पत्र दाखवावेच लागते.
४. खरेदीदाराच्या बँकेचा पहिला चेक थेट तुमच्या कर्जखात्यात, उरलेला तुम्हाला. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. ते ६० हजार हिशेबात धरा, नाहीतर सोडवणुकीची रक्कम ऐन वेळी कमी पडते.
५. रक्कम जमा झाली की बँकेकडून पत्र घ्या. ‘हडपसरची मालमत्ता तारणमुक्त, बाकी दोन मालमत्तांवर गहाण चालू’ असे त्यात स्पष्ट हवे. ‘अंशतः रक्कम मिळाली’ एवढ्याच शेऱ्याच्या पावतीवर समाधान मानू नका.
६. भरलेल्या रकमेने हप्ता कमी करायचा की मुदत, हे त्याच दिवशी लेखी कळवा. काही न सांगितल्यास बँक आपल्या सोयीचे करते.
७. सरसाईतल्या नोंदीतून हडपसर वगळले का, सोसायटीने लीन उठवले का, ते पाहा. सातबाऱ्यावर बोजा चढवलेली मालमत्ता असती तर तलाठ्याकडचा फेरफारही इथेच.
८. टप्पा ८ मधले हडपसरचे पान काढा, बँकेच्या टेबलावर बसूनच एकेक दस्त त्या पानाशी जुळवा, पाने मोजा, आणि मगच पोचपावतीवर सही करा.